दारात बेलिफ नको

कोर्टाच्या फाटकासमोर एक इस्त्रीचं दुकान आहे. तिथे कोट टाकायला वकील जरा बिचकतातच. कोट जळेल म्हणून नाही. दुकान चालवणाऱ्या बाईच्या हातून आजवर एक बाही पिवळी पडलेली नाही. बिचकतात ते तिच्या तोंडाला. हातात तापलेली इस्त्री आणि जिभेला हाड नाही, अशी बाई समोर असली की भलेभले वकील कोट टेबलावर ठेवून 'संध्याकाळी नेतो' एवढंच म्हणून सटकतात.

सगळे तिला इस्त्रीवालीच म्हणतात. सासूने धंदा तिच्या हातात दिला तेव्हा दुकानात एक टेबल, कोळशाच्या दोन इस्त्र्या आणि गिऱ्हाइकांकडची बुडीत उधारी एवढंच होतं. उधारी तिने दारोदार जाऊन वसूल केली. काहींनी नुसतं तिला जिन्यात पाहूनच पैसे काढून दिले. नवरा सायकलवर गाठोडी बांधून कपडे पोचवतो. तो फार बोलत नाही. बोलायचा मक्ता घरात एकीकडेच आहे आणि त्याची त्याला तक्रार नाही.

अशी ही बाई, आणि हिलाच कायद्याने शेंडी लावली. ती कशी लावली, ते सांगतो.

दुकानाच्या मागच्या जागेवर एक बिल्डर उतरला. पायासाठी त्याने विहीर खणावी तसा खड्डा खणला, आणि खड्ड्याच्या कडेला आधार म्हणून एक फळीसुद्धा लावली नाही. आठवड्याभरात इस्त्रीवालीच्या मागच्या भिंतीला तडा गेला. आधी केसाएवढा, मग बोट जाईल एवढा. ती बिल्डरच्या ऑफिसात गेली. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "मावशी, तुमची भिंतच म्हातारी झालीय. त्याला मी काय करू?"

"म्हातारी मीही झालेय," ती म्हणाली, "पण मला कोणी पायाखालून खणलं नाही म्हणून उभी आहे."

तिने दावा लावला. आता दाव्यात गोम अशी असते की भिंत तुमची, तडा तुमच्या डोळ्यांदेखत गेलेला, माती तुमच्या इस्त्रीच्या गादीवर पडलेली, तरी तुमच्या सांगण्याला तिथे वजन नाही. तडा खड्ड्यामुळे गेला की वयामुळे, हे सांगायला त्या विषयातला जाणता माणूस उभा करावा लागतो. तज्ज्ञ साक्षीदार. आणि जाणता माणूस फुकट मिळत नाही.

तिला मिळाले पूलकाका. रिटायर झालेले इंजिनिअर, जन्म पूल बांधण्यात गेलेला. त्यांचे शर्ट ती वर्षानुवर्षं करत आलेली. काका काठी टेकत आले, भिंतीवर हात फिरवला, तड्यावर ठिकठिकाणी काचेच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या. भिंत हलली तर काच तुटणार, एवढाच त्यातला हिशोब. मागे मशीन धडधडायला लागली की इकडे काच टचकन तुटे. काका ते लिहून ठेवत. आपली फी त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितली: पाहणीचे इतके, अहवालाचे इतके, कोर्टात येण्याचे दर तारखेला इतके.

"कमी करायला सांगू नकोस पोरी," ते म्हणाले. "फुकट आलेला माणूस कोर्टात फुकटाच वाटतो."

तिला ते पटलं. स्वतःच्या कामाचा दर सांगताना मान खाली न घालणारा माणूस तिला आवडतो. पैसे मात्र नव्हते. ते दिराने दिले. देताना दहा वेळा बोलला. "वहिनी, तडजोड करा. भिंतीशी भांडण लावून कुणाचं भलं झालंय?" तिने पैसे घेतले आणि सल्ला त्याच्याकडेच राहू दिला.

मग ती गोष्ट घडली जिच्यापायी हे सगळं रामायण झालं. साक्षीच्या आधी तिचा वकील कोट न्यायला दुकानात आला होता. गळ्याच्या पांढऱ्या पट्ट्या बांधता बांधता सहज म्हणाला, "मावशी, तुमच्या त्या काकांना कोर्टातर्फे समन्स काढायचं का?"

"समन्स म्हणजे बेलिफ जाणार त्यांच्या दारात?"

"जाणारच. सही घेणार, निघून जाणार."

इस्त्रीवालीने इस्त्री उभी केली. "अहो, त्या माणसाच्या दारात उभ्या जन्मात पोलीस आला नाही, वसुलीवाला आला नाही. आपल्या कामाला धावून येतोय तो, आणि मी त्याच्या दारात बेलिफ उभा करू? शेजारी काय म्हणतील? म्हातारपणी काय लफडं केलंन, म्हणतील. नको नको. मी स्वतः रिक्षा करून मानाने आणीन त्यांना."

"बरं, आणा तुम्हीच," वकील म्हणाला. पट्ट्या नीट बसल्या का ते आरशात बघितलं आणि गेला.

बस. एवढंच बोलणं. समन्स न काढण्याची किंमत काय, हे त्याने सांगितलं नाही. तिने विचारलं नाही, कारण माणुसकीची किंमत विचारायची असते हे तिला ठाऊक नव्हतं.

दावा ती जिंकली. भिंतीचा खर्च बिल्डरने द्यावा, शिवाय दाव्याचा खर्चही द्यावा, असा हुकूम झाला. नवऱ्याने त्या दिवशी सायकलची घंटी विनाकारण दोनदा वाजवली, म्हणजे त्याच्या मानाने त्याने वरातच काढली. तिचाही हिशोब सोपा होता. भिंतीचे पैसे भिंतीला, दाव्याच्या खर्चातले काकांच्या फीचे पैसे दिराला. नगरपालिकेने आधीच नोटीस लावली होती: भिंत पाडून नवी बांधा, नाहीतर दुकान बंद करा. मागच्या बाजूला लाकडी टेकू लावून ती दिवस काढत होती आणि टेकूला दर सकाळी एक नजर टाकून मगच इस्त्री तापवत होती.

खर्चाचं बिल तयार झालं तेव्हा ती ते बघायला गेली. स्टॅम्प होता, वकिलाची ठरलेली फी होती, नोटिशीचा खर्च होता. साक्षीदाराच्या रकान्यात एक आडवी रेघ.

"ही काय आहे?" तिने कारकुनाला विचारलं.

"रेघ."

"ती दिसतेय मला. काकांची फी कुठाय?"

कारकून त्या दिवशी तिच्याच दुकानातून कडक होऊन आलेला शर्ट घालून बसला होता, त्यामुळे तो जरा सौम्य बोलला. "हे बघा, साक्षीदाराला समन्स काढलेलं नाही. त्याचे पैसे कोर्टात भरलेले नाहीत. कोर्टाने बोलावलेला साक्षीदार असता तर कोर्टाने त्याची फी ठरवली असती, समोरच्याकडून वसूल करून दिली असती. हा तुम्ही आणलेला. तुमचा पाहुणा. पाहुण्याला तुम्ही काय दिलंत, त्याच्याशी कोर्टाला कर्तव्य नाही."

"पण निकालात त्यांच्याच साक्षीवर भिंत दिली ना मला?"

"दिली."

"म्हणजे बोलणं घेतलं, आणि बोलणाऱ्याचा खर्च माझ्या डोक्यावर."

कारकुनाने कानावर हात ठेवले नाहीत एवढंच. बाकी चेहरा तोच होता.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते पाहायचं असतं तर त्या दिवशी फाटकापासून दुकानापर्यंत तिच्याबरोबर चालायला हवं होतं. माणूस चोरी करून अडकला तर समजू शकतं. ही बाई अडकली ती एका म्हाताऱ्याची अब्रू जपायला गेली म्हणून. बिल्डर खड्डा खणून मोकळा. वकील पट्ट्या बांधून मोकळा. आणि जिने कुणाचा अपमान केला नाही, तिला दंड. हा नियम ज्या कुणी लिहिला त्याच्या दारात आधी बेलिफ पाठवला पाहिजे, असं ती मोठ्याने म्हणाली. रस्त्यावरच्या दोघांनी वळून बघितलं. तिने त्यांच्याकडेही रागानेच बघितलं.

संध्याकाळी वकील कोट न्यायला आला.

"कोट मिळणार नाही."

"म्हणजे? झाला नाही?"

"झालाय. तो बघा, लटकतोय. मिळणार नाही. तुम्ही मला समन्सचं नीट का सांगितलं नाहीत?"

"मी विचारलं होतं मावशी. तुम्हीच नको म्हणालात."

"तुम्ही चहात साखर घालू का, असं विचारतात तसं विचारलंत. साखर नको म्हटलं तर फी बुडेल, हे बोललात?"

वकिलाने हात वर केले. "आता काय करणार? नियम आहे."

"नियम आहे तर अर्ज करा. साक्षीदाराची फी खर्चात धरा म्हणून."

"टिकणार नाही. उगाच धडपड."

"तुम्हाला उद्यासाठी दुसरा कोट आहे का घरी?"

नव्हता. तिला माहीत होतं; एकच कोट आठवड्यातून दोनदा यायचा. वकिलाने नवऱ्याकडे मदतीसाठी पाहिलं. नवरा गाठोडं बांधण्यात अगदी गढून गेला होता.

"वकीलसाहेब," गाठ मारत तो शेवटी म्हणाला, "लिहून टाका. आमच्या घरातही असंच असतं."

अर्ज तिथेच लिहिला गेला, कपड्यांच्या टेबलावर, इस्त्रीची ऊब लागत होती तिथे. मग कोट मिळाला.

दुसऱ्या दिवशी ती पूलकाकांकडे गेली. फी दिल्याचं त्यांचं लेखी निवेदन हवं होतं. काकांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मग असं करू. मी अर्धे पैसे परत देतो तुला."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "काका, मी मागायला आले नाही. तुम्ही काम केलंत, पैसे घेतलेत. ते ज्याच्या खड्ड्यामुळे द्यावे लागले, त्याने द्यायचे आहेत. तुम्ही मधे पडू नका."

"बरं बाई, नाही पडत." काका सही करू लागले. मग थांबले. "पण एक सांग. समन्स का नाही काढलंस?"

"तुमच्या दारात बेलिफ नको म्हणून."

काका हसायला लागले, इतके की काकू आतून बघायला आल्या. "अगं पोरी, सरकारी नोकरीत जन्म गेला माझा. पूल कुठे खचला, ठेकेदार कुठे भांडला, की समन्स. बेलिफ यायचा तर ही त्याला चहा करून द्यायची. एकाच्या मुलीच्या लग्नाला गेलोय मी. मला विचारायचंस तरी."

 दुसऱ्यावर रागावणं सोपं असतं. स्वतःवर रागावायची तिला सवय नव्हती. जिन्यात ती क्षणभर कठड्याला धरून उभी राहिली. एका माणसाचा मान राखायचा तर आधी त्या माणसाला विचारावं, एवढी साधी गोष्ट. वकील बोलला नाही, आपण विचारलं नाही, आणि मधल्या मधे बिल्डरचं फावलं. घरी येईपर्यंत हा रागही तिने बिल्डरच्याच खात्यावर टाकला. जागा तिथे होती.

दरम्यान दिराने तगादा लावला. निकालाची बातमी त्याला लागली होतीच. "वहिनी, भिंतीचे पैसे आले की आधी माझे द्या. भिंत काय, टेकू आहे ना."

"तुम्ही येऊन झोपा त्या टेकूखाली," ती म्हणाली. पण तो चुकीचं मागत नव्हता हे तिला कळत होतं, आणि त्याचा जास्त राग येत होता. फी मिळाली नाही तर भिंतीचेच पैसे कर्जात जाणार. भिंत नाही तर दुकान नाही. म्हणजे दावा जिंकूनही बिल्डरला जे हवं होतं तेच होणार. कोपऱ्यावरचं हे दुकान उठावं, ही त्याची पहिल्यापासूनची इच्छा.

सुनावणीला न्यायाधीश तेच होते ज्यांनी दाव्याचा निकाल दिला होता. बिल्डरचा वकील उभा राहिला. उंच, गोड बोलणारा. याचे कोट तिच्याकडे येत नसत. तो ते दुसरीकडून धुऊन-इस्त्री करून आणायचा आणि हे तिने कधी माफ केलं नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला, "सदर वयोवृद्ध गृहस्थांबद्दल आम्हाला आदरच आहे. पण त्यांना ना कोर्टाने बोलावलं, ना आम्ही. ते वादीबरोबर रिक्षातून स्वखुशीने आले. ओळखीपोटी आले. एखादा पाहुणा समारंभाला यावा तसे. आता या पाहुणचाराचं बिल माझ्या अशिलाने का भरावं?"

दोन-तीन वकील हसले. तिचा वकील कागद चाळत राहिला. मधेच खाली वाकून कुजबुजला, "सांगितलं होतं ना, घोडं इथेच पेंड खातं."

इस्त्रीवालीला पाहुणा हा शब्द दुसऱ्यांदा ऐकू आला आणि तिच्या डोळ्यांसमोर साक्षीची पहिली तारीख उभी राहिली. त्या दिवशी काकांची सरतपासणी संपली होती. उलटतपासणीला याच गोड वकिलाने घसा बसल्याचं सांगून पुढची तारीख मागितली. काका पिंजऱ्याचा कठडा धरून उभे होते. पायांनी थकले होते. त्यांनी विचारलं, पुन्हा यावं लागेल का? आणि वरून या न्यायाधीशांनी शाळेतल्या मुलाला दटावावं तसं दटावलं होतं. त्या दिवशी तिचा पारा असा चढला होता की बाहेर आल्यावर तिने वकिलाला पायऱ्यांवरच धरलं होतं: ते काय चोर आहेत, असं बोलायला? हे सगळं तिला शब्दन्शब्द आठवत होतं. काकांच्या झालेल्या अपमानातला एक शब्दही ती विसरली नव्हती.

ती उभी राहिली.

"मावशी, बसा," तिचा वकील तिचा पदर ओढायच्या बेतात होता.

"साहेब, मला एकच विचारायचंय. समारंभाला आलेल्या पाहुण्याला कुणी वॉरंटची धमकी देतं का?"

"काय म्हणता?" न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"पहिल्या दिवशी काका आले ते माझे पाहुणे. मान्य. माझी चूक. पण त्या दिवशी यांचा घसा बसला. काकांनी विचारलं पुन्हा यायचं का, तर तुम्ही म्हणालात, 'साक्षीदाराने पुढच्या तारखेला हजर राहायचं. न सांगता गैरहजर राहिलात तर वॉरंट काढीन.' तुम्हीच म्हणालात साहेब, मी तिथे मागच्या बाकावर बसले होते. पुढच्या तारखेला यांनी तासभर प्रश्न विचारले आणि उरलेले पुन्हा पुढे ढकलले. तेव्हाही तुम्ही तेच म्हणालात. मग त्यानंतर काका माझ्या बोलावण्यावर आले की तुमच्या? मला सांगा, म्हणजे मी त्या दिवसांचा रिक्षाचा खर्च तरी कुणाकडे मागायचा ते ठरवते."

खोलीत कुणी हसलं नाही. बिल्डरच्या वकिलाचा घसा आज चांगला होता, पण त्यातून काही निघालं नाही. तिचा वकील मात्र जागा झाला. आयतं ताट पुढे आल्यावर त्यालाही जेवता येत होतंच. तो उठून म्हणाला की तोंडी का होईना, तो कोर्टाचाच आदेश; त्या तारखांपुरता साक्षीदार कोर्टाने बोलावलेला समजला पाहिजे आणि तारखा वाढल्या त्या प्रतिवादीच्या सोयीसाठी.

न्यायाधीशांनी रोजनामा, म्हणजे तारीखवार कामकाजाची नोंद, मागवला. बघितला. त्यांना तो बघायची गरज होती असं तिला वाटलं नाही. चेहऱ्यावर आधीच आठवल्यासारखं दिसत होतं.

हुकूम झाला तो असा: उलटतपासणीच्या सगळ्या तारखांची काकांची फी आणि जाण्या-येण्याचा खर्च बिल्डरने द्यायचा. पहिल्या तारखेची फी, पाहणी आणि अहवाल यांचे पैसे मिळणार नाहीत. ते काम कोर्टाच्या बोलावण्याआधीचं.

बाहेर वकील म्हणाला, "मावशी, कमाल केलीत. बरंच मिळालं की."

"बरंच म्हणजे सगळं नव्हे," ती म्हणाली. "ज्या काचा तुटल्या म्हणून मी जिंकले, त्या काचा लावायचेच पैसे मिळाले नाहीत. माणूस दटावून आणला तर त्याची किंमत, मानाने आणला तर नाही. तुम्ही लोक रात्री झोपता कसे?"

 त्याने पुढच्या कोटाचे पैसे आगाऊ दिले.

मिळाले ते सगळे तिने दिराच्या हातावर ठेवले. उरलेल्यांचं बोलणं तिने स्वतःच काढलं. "भाऊजी, भिंत आधी. तुमचं दर महिन्याला देईन. आणि तोवर तुमच्या घरातले कपडे फुकट." दिराच्या घरात पाच माणसं, पाचही कडक इस्त्रीची शौकीन. त्याने मनात हिशोब केला आणि पहिल्यांदा तडजोडीचा सल्ला स्वतः घेतला.

भिंत उभी राहिली. काका येऊन काठीने ठोकून गेले. टेकू निघाले, त्या जागी आता वकिलांचे कोट लटकतात. बिल्डरची इमारतही उभी आहे, आणि तिथे राहायला आलेली माणसं कपडे तिच्याकडेच टाकतात. त्यांच्याकडून ती जास्त पैसे घेत नाही. घ्यावेसे वाटतात, असं ती उघड सांगते.

परवा फाटकाशी एक रिक्षा थांबली. एक तरुण माणूस एका वयस्क डॉक्टरीणबाईंना हाताला धरून उतरवत होता. इस्त्रीवालीने टेबलावरूनच हाक मारली.

"ओ दादा. साक्षीला आणलंत का बाईंना?"

"हो."

"समन्स काढलंत?"

तो ओशाळून हसला. "नाही हो. त्यांच्या दवाखान्यात बेलिफ पाठवणं बरं दिसत नाही. माझ्या वडिलांना त्यांनीच—"

"त्यांना विचारलंत?"

त्याने बाईंकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई चकित होऊन दोघांकडे पाहायला लागल्या.

"अजून साक्ष झालेली नाही ना? मग आत जा, वकिलाला सांगा, आजच अर्ज करा, पैसे कोर्टात भरा. वकील म्हणेल राहू द्या. तेव्हा ऐकू नका." तिने इस्त्री टेबलावर आदळली, नवऱ्याने सवयीने खालचा सदरा सरकवला होता. "तुमचा वकील कोण? त्याचा कोट माझ्याकडे असेल तर सांगा. मी ठेवून घेते."